रूळ का तुटतो, आणि सॉलिड मेकॅनिक्समध्ये रिसर्च करायचा तर कुठून सुरुवात करायची

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या एका मुलाचा मेसेज आला, थर्ड इयर मेकॅनिकलला आहे, अभ्यासू पोरगा, "ताई मला सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल सिम्युलेशनमध्ये रिसर्च करायचाय, अ‍ॅबॅकस शिकू की अ‍ॅन्सिस?" (सॉलिड मेकॅनिक्स म्हणजे घन वस्तू ताणाखाली कशा वाकतात, तुटतात त्याचं शास्त्र, आणि ही दोन त्यातली सिम्युलेशनची सॉफ्टवेअर.) आता हाच प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढू, कारण तीन ओळींच्या रिप्लायमध्ये ह्याचं उत्तर देता येत नाही आणि अर्धवट दिलं तर पोरं सहा महिने चुकीच्या गोष्टीत घालवतात. मी पण घालवलेत, सहा महिने नाही, अडीच वर्षं.

पण आधी रुळाचं सांगते, कारण माझं सगळं तिथूनच सुरू झालं.

माझे पप्पा सेंट्रल रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे रोज आपल्या वाट्याचा ट्रॅक पायी चालायचा, खांद्यावर हातोडा आणि पाना, सैल झालेल्या क्लिपा ठोकून बसवायच्या, रूळ, वेल्ड, स्लीपर सगळ्यावर नजर ठेवायची, ऊन असो पाऊस असो. आम्ही कुर्ल्याला क्वार्टरमध्ये राहायचो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चार-पाचला फोन वाजला की आई काही न विचारता चहाचं आधण ठेवायची, कारण त्या वेळेचा फोन म्हणजे फ्रॅक्चर. आपण स्टेशनवर जे ऐकतो ना, "रुळाला तडा गेल्याने वाहतूक विस्कळीत", ते. मग ही मंडळी जाऊन तडा गेलेल्या जागी दोन्ही बाजूंनी जॉगल्ड फिशप्लेट (लोखंडी जोडपट्ट्या) लावून क्लॅम्प आवळायची, गाड्या हळू सोडायच्या, आणि पुढे ब्लॉक मिळाला की तेवढा तुकडा कापून नवा घालून वेल्ड करायचा.

पप्पा म्हणायचे थंडीत रूळ आखडतो म्हणून तुटतो. मी सातवी-आठवीत असेन, मी विचारलं की थंडी तर सगळ्याच रुळाला लागते, मग तो नेमका तिथेच का तुटला आणि शेजारी का नाही? ते म्हणाले, "तिथे आधीच काहीतरी असणार गं, आपल्याला दिसत नाही एवढंच." हे वाक्य मी नंतर कितीतरी वर्षांनी फ्रॅक्चर मेकॅनिक्सच्या पहिल्या लेक्चरला ऐकलं, फक्त सरांनी ते फळ्यावर समीकरणात लिहिलं होतं.

ते गणित मी इथे पूर्ण करून दाखवते, कंटाळा करू नका, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं ह्याच्यावर उभं आहे. आता रूळ जोडून जोडून लांबच लांब वेल्ड केलेले असतात, मधल्या भागात त्याला स्लीपर आणि खडीने घट्ट धरलेलं असतं, त्यामुळे थंडीत त्याला आखडायचं असतं पण आखडता येत नाही. न आखडता आल्यामुळे आत ताण येतो. किती? स्टीलचा यंग्स मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, साधारण २०० गिगापास्कल, आणि दर अंशाला प्रसरण साधारण मीटरमागे १२ मायक्रोमीटर, दोन्हीचा गुणाकार केला की दर एका अंशाला २.४ मेगापास्कल (हे ताण मोजायचं एकक, हजार मेगापास्कल म्हणजे एक गिगापास्कल). समजा रूळ ४० अंशाला मोकळा, बिनताणाचा बसवलाय आणि जानेवारीच्या पहाटे तो १६ अंशाला आलाय. फरक २४ अंश. म्हणजे साधारण ५८ मेगापास्कल ताण. मीटरला साठ किलो वजनाच्या रुळाचा छेद अंदाजे ७,६७० चौरस मिलिमीटर असतो, तेव्हा त्या एका रुळात पंचेचाळीस टनांच्या आसपास ओढ बसलेली असते आणि वरून काहीच दिसत नाही. आणि गंमत म्हणजे ह्या हिशोबात रुळाची लांबी कुठेच येत नाही, एक किलोमीटर असो की दहा, मधल्या भागात ताण तेवढाच.

पण ५८ म्हणजे काहीच नाही. आपल्याकडच्या ८८० ग्रेडच्या रुळाची ताकद नावातच आहे, ८८० मेगापास्कल. मग तुटतो कसा?

इथे ग्रिफिथ येतो. ए. ए. ग्रिफिथ, इंग्लंडमधल्या फार्नबरोला विमानांवर काम करणारा इंजिनिअर, त्याने १९२१ मध्ये काचेवर प्रयोग करून दाखवलं की वस्तू तिच्या सरासरी ताकदीवर तुटत नाही, तिच्यातल्या भेगेवर तुटते. भेग पुढे सरकली की जेवढी ऊर्जा सुटते ती नवा पृष्ठभाग तयार करायला पुरेशी झाली की संपलं. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्ज आयर्विनने तेच धातूंसाठी वापरता येईल असं मांडलं, भेगेच्या टोकाशी ताणाची तीव्रता किती आणि मटेरियल ती किती सहन करतं. रुळाच्या स्टीलची ही सहनशक्ती, फ्रॅक्चर टफनेस, फार नसते, ३५ मेगापास्कल रूट मीटरच्या आसपास धरा. कडेच्या भेगेचं साधं सूत्र लावलं तर एकट्या ५८ मेगापास्कलला रूळ तुटायला नऊ सेंटिमीटरची भेग लागते, म्हणजे १७२ मिलिमीटर उंचीचा रूळ निम्म्याहून जास्त चिरलेला पाहिजे. तसं होत नाही, त्याच्या खूप आधी कुणाच्या तरी नजरेला येतं किंवा अल्ट्रासॉनिकच्या गाडीला सापडतं. पण रूळ कारखान्यात रोलरमधनं सरळ करतात तेव्हा त्यात ताण उरतो, थर्मिट वेल्ड (वितळलेलं स्टील ओतून केलेला जोड) थंड होताना अजून ताण उरतो, वर चाकाचा दणका वेगळा. समजा हे सगळं मिळून एकूण २५० झालं. परत तेच सूत्र. आता भेग लागते ५ मिलिमीटर.

नऊ सेंटिमीटरवरनं पाच मिलिमीटर! ताण सव्वाचार पटच वाढला होता, पण भेगेच्या हिशोबात ताण वर्गात येतो ना, म्हणून.

हे गणित कच्चं आहे, सूत्र मोठ्या सपाट पट्टीचं आहे आणि रूळ काही पट्टी नाही, हे मला माहितीये. पण ह्यात सिम्युलेशन कुठेच नाही, कॅलक्युलेटर आणि वही आहे, आणि तरी आपल्याला कळलं की खरा प्रश्न थंडीचा नाही, उरलेल्या ताणाचा आणि वेल्डमधल्या बारक्या दोषाचा आहे. सिम्युलेशन ह्याच्या पुढे सुरू होतं. रुळाचा खरा आकार, वेल्डच्या आसपास उष्णतेने बदललेलं स्टील, भेग सरळ जाईल की वळेल, हे हाताने होत नाही, तिथे फायनाईट एलिमेंट लागतं, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे पाडून कॉम्प्युटरवर हिशोब करायची पद्धत.

आता माझी अडीच वर्षं. इंजिनिअरिंग झाल्यावर ऐरोलीला एका कंपनीत सीएई अ‍ॅनालिस्ट म्हणून लागले. काम म्हणजे मेशिंग, कॉम्प्युटरवरच्या आकाराचे ते बारीक तुकडे पाडायचे. सकाळी कॅड फाईल यायची, मिडसरफेस काढा, मेश करा, क्वालिटी चेक पास करा, डेक (सॉफ्टवेअरची इनपुट फाईल) लिहा, रन लावा, रिझल्टचे रंगीत फोटो स्लाईडवर चिकटवा आणि संध्याकाळपर्यंत पाठवा. मी त्यात चांगली होते, माझी मेश परत यायची नाही. पण स्ट्रेस जास्त का आला असं विचारलं की सांगितलं जायचं तो क्लायंटचा प्रश्न आहे, आपला नाही. त्या काळात मी तीन सॉफ्टवेअर शिकले आणि मनात धरून बसले की आता पीएचडीला कुठेही घेतील.

पहिल्या इंटरव्ह्यूला पॅनलवरच्या मॅडमनी सॉफ्टवेअरचं काहीच विचारलं नाही. त्यांनी खडू हातात दिला आणि म्हणाल्या, स्ट्रेस टेन्सर सिमेट्रिक का असतो ते सांग. (स्ट्रेस टेन्सर म्हणजे एका बिंदूवरच्या सगळ्या दिशांच्या ताणांचा तक्ता.) मला असतो हे माहीत होतं, का ते नव्हतं. एक छोटा घन घ्यायचा, त्याच्यावरच्या मोमेंटचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा, तोल मांडायचा, घन लहान लहान करत न्यायचा, बस, दोन शिअर स्ट्रेस (पृष्ठभागाला समांतर ताण) सारखे नसतील तर तो घन बेफाम फिरायला लागेल. चार ओळींचं उत्तर. मी दहा मिनिटं उभी होते. नंतर बीमवरचा शिअर कसा पसरतो ते काढायला सांगितलं, ते पण अर्धवट. घेतलं नाही मला, आणि बरोबरच केलं. त्या दिवशी सायनपर्यंत बसने येताना मी ठरवलं की आता आधी वही.

म्हणून त्या मुलाला माझं उत्तर: दोन्हीपैकी कुठलंही शिक, पंधरा दिवसांत हात बसेल, तो विषयच नाही. एक प्रश्न घे, छोटा, खरा, आपल्या डोळ्यासमोरचा, आणि तो तडीस ने. हाताने अंदाज काढ, मग मॉडेल कर, मग दोन्ही जुळतात का बघ, नाही जुळले तर का नाही ते शोध. एवढं एक काम नीट केलेला मुलगा इंटरव्ह्यूला वेगळाच दिसतो, हे मी आता टेबलाच्या ह्या बाजूला बसूनही बघितलंय, ज्युनिअर निवडताना माझे पीएचडीचे सर आम्हाला पण बसवतात.

आणि सॉफ्टवेअरला पैसे नाहीत ही अडचण आता राहिली नाही. कॅलक्युलिक्स फुकट आहे आणि त्याची इनपुट फाईल बरीचशी अ‍ॅबॅकससारखीच असते. फेनिक्समध्ये तुम्ही समीकरणच पायथॉनमध्ये लिहिता, त्यामुळे वीक फॉर्म (समीकरणाचं फायनाईट एलिमेंटला लागणारं रूप) म्हणजे काय हे कळल्याशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही, शिकायला ह्याहून चांगलं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या आयडाहो लॅबचं मूस, अणूंच्या पातळीवर जायचं तर सँडिया लॅबचं लॅम्प्स, धातूच्या कणाकणांतलं प्लास्टिक डिफॉर्मेशन (कायमचा आकारबदल) बघायचं तर ड्युसेलडॉर्फच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेलं डॅमास्क, सगळं खुलं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सॉलिड मेकॅनिक्स, कंटिन्यूअम मेकॅनिक्स, फायनाईट एलिमेंटचे पूर्ण कोर्स पडलेत. मी लोकलमध्ये विद्याविहार ते ऐरोली, मध्ये ठाण्याला गाडी बदलत, कानात हेडफोन घालून ते ऐकायचे आणि रात्री घरी वहीत परत सोडवायचे. ऐकून काही होत नाही, परत सोडवावं लागतं.

मटेरियल सिम्युलेशन म्हटलं की पोरांना वाटतं एकच काहीतरी आहे. तसं नाहीये, त्यात मजले आहेत आणि कुठल्या मजल्यावर राहायचंय हे लवकर ठरवलेलं बरं. सगळ्यात खाली इलेक्ट्रॉन, डेन्सिटी फंक्शनल थिअरी, १९६४-६५ मध्ये वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली, ज्यासाठी कोनला १९९८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. त्यात काही शे अणू घेतले तरी मशीन दमते. त्याच्या वर मॉलिक्युलर डायनॅमिक्स, लाखो-कोटी अणू चालतात पण वेळेची उडी एक फेम्टोसेकंदाच्या आसपास, म्हणजे दहा लाख पावलं टाकल्यावर कुठे एक नॅनोसेकंद होतो. रूळ काही नॅनोसेकंदात झिजत नाही! म्हणून त्याच्या वर डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधले दोष), मग क्रिस्टल प्लास्टिसिटी जिथे एकेक ग्रेन, म्हणजे धातूतला स्फटिकाचा कण, दिसतो, आणि सगळ्यात वर आपलं नेहमीचं फायनाईट एलिमेंट, मीटरभराच्या रुळाचं. खालच्या मजल्याची माहिती वरच्या मजल्याला कशी द्यायची, ह्यावर लोकांची अख्खी करिअर चालू आहेत. भेगेसाठी सध्या फेज फील्ड पद्धत खूप चालते, त्यात भेग म्हणजे तीक्ष्ण रेष न धरता एक पसरट पट्टा धरतात, मग ती कुठे वळेल, कुठे फुटून दोन होतील हे आपोआप निघतं, पण मेश फार बारीक लागते आणि रन दोन-दोन दिवस चालतात. मी हेच करते, वेल्डच्या शेजारच्या स्टीलसाठी. मशीन लर्निंग पण शिरलंय सगळीकडे, खासकरून अणूंमधल्या बलांसाठी, आणि ते शिकायला हवंच, पण ज्याला मोमेंटचा तोल मांडता येत नाही त्याला मॉडेलने दिलेलं चुकीचं उत्तर चुकीचं आहे हे कळणार कसं?

बरं, आता वाटा. मुंबईतल्या पोरांना दाराशी काय आहे हे माहीत नसतं ह्याचं मला फार वाईट वाटतं, थेट अमेरिकेपासनं सुरुवात करतात.

पवईची आयआयटी तर आहेच. पण पोरं फक्त मेकॅनिकल बघतात. सॉलिड मेकॅनिक्सचं काम तिथे एरोस्पेसमध्ये चालतं, सिव्हिलमध्ये चालतं, मेटलर्जी आणि मटेरियल सायन्समध्ये चालतं, म्हणून चारही डिपार्टमेंटच्या फॅकल्टीची पानं बसून वाचा, एकेकाचे शेवटचे तीन-चार पेपर बघा. पीएचडीची अ‍ॅडमिशन वर्षातून दोनदा होते हे कित्येकांना माहीतच नसतं, एक संधी गेली की रडत बसतात, अरे सहा महिन्यांत दुसरी येते. तिथेच आयआयटीबी-मोनॅश रिसर्च अकादमी आहे, गाईड एक इकडचा एक ऑस्ट्रेलियातला, काही काळ तिकडे जाऊन काम करता येतं.

गेटचं, म्हणजे एमटेक-पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेचं, सांगायचं तर मेकॅनिकलवाले डोळे झाकून एमईचा पेपर भरतात. ज्याला ह्याच विषयात जायचंय त्याने एक्सई पेपर पण बघावा, इंजिनिअरिंग सायन्सेस, त्यात गणिताचा भाग सगळ्यांना सक्तीचा आणि मग आपल्या आवडीचे दोन निवडायचे, त्यात सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल सायन्स दोन्ही आहेत. फक्त अर्ज करण्याआधी त्या त्या डिपार्टमेंटला एक्सई चालतो का हे त्यांच्या ब्रोशरमध्ये नीट बघून घ्या. थर्ड इयरला असतानाच गेट देता येते, स्कोअर तीन वर्षं चालतो, मग थांबता कशाला.

ट्रॉम्बेला बीएआरसी, भाभा अणुसंशोधन केंद्र. १९५७ पासून त्यांचं ट्रेनिंग स्कूल चालू आहे, एक वर्षाचं ट्रेनिंग आणि मग थेट सायंटिफिक ऑफिसर. लोकांना वाटतं तिथे फक्त फिजिक्स. अहो, अणुभट्टीचा पाईप हा सॉलिड मेकॅनिक्सचाच प्रश्न आहे. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांमधल्या प्रेशर ट्यूब झिर्कोनियम आणि अडीच टक्के नायोबियमच्या असतात, त्यात वर्षानुवर्षं हायड्रोजन मुरतो, त्याचे ठिसूळ हायड्राईड बनतात आणि भेग हळूहळू पुढे सरकते. पाईप फुटण्याआधी तो गळेल आणि आपल्याला कळेल, हे सिद्ध करायचं अख्खं शास्त्र आहे. अणुशक्तीनगरच्या होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमधनं तिथे पीएचडी पण होते. वयाची अट असते, म्हणून आधीच जाहिरात बघा.

अंबरनाथला डीआरडीओची नौदलाची मटेरियल्सची लॅब आहे, एनएमआरएल, लोकलने जाता येईल इतकी जवळ आणि तरी माझ्या बॅचमधल्या कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं. त्यांच्या जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलोच्या) जागा निघतात. माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, १८८७ पासूनचं, तिथे स्ट्रक्चरल आणि मशीन डिझाईनचं एमटेक करून पुढे गेलेली पोरं मला माहितीयेत. पुण्याकडे गेलात तर डीआरडीओच्या अजून लॅब, आणि सीडॅक, जिथे १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला, सिम्युलेशनवाल्यांना मोठ्या मशीनवर प्रोग्रॅम पळवता येणं ही वेगळीच विद्या आहे, तिथे ती माणसं आहेत.

पैशाचं उघड बोलते कारण आपल्याकडे घरात पहिला प्रश्न तोच येतो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. प्रधानमंत्री रिसर्च फेलोशिप २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि पुढची दोन वर्षं ८०,००० असं ठरलं, शिवाय वर्षाला दोन लाख कामाच्या खर्चाला. ती मिळायला अवघड आहे पण अर्ज न करणारे बघून जीव तुटतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असं नसतं. माझ्या एका मैत्रिणीचे एका ठिकाणी पाच महिने अडकले होते, कागद ह्या टेबलावरनं त्या टेबलावर, आणि तिच्या घरी कर्जाचे हप्ते चालू होते. त्यामुळे सुरू करताना गाठीला तीन-चार महिन्यांचा खर्च ठेवा. मी नोकरीतले पैसे साठवले होते म्हणून निभावलं. नोकरीच्या त्या अडीच वर्षांचा हा उपयोग मात्र झाला.

बाहेर जायचं असेल तर देशादेशाची रीत वेगळी. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी बहुतेक वेळा नोकरीच असते, जागा निघते, अर्ज करायचा, पगार, रजा, करार सगळं. जाहिराती वर्षभर येत राहतात. अमेरिकेत बहुतेक डिपार्टमेंटचे अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात, टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली की फी माफ होते आणि वर स्टायपेंड. युरोपात मारी क्युरीच्या डॉक्टरल नेटवर्कच्या जागा फार चांगल्या, त्यात अट अशी की ज्या देशात जागा आहे तिथे गेल्या तीन वर्षांत मिळून बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत, म्हणजे इथून थेट अर्ज करणाऱ्या आपल्या पोरांना ती अट आडवी येतच नाही. आणि पदवीला इथे काय शिकलात त्यावरच तिकडे पाय रोवता येतो; सुब्रा सुरेश, ज्यांनी मटेरियल्सच्या फटीगवर (परत परत भार येऊन भेगा पडतात त्यावर) आयुष्य घातलं आणि पुढे अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे डायरेक्टर झाले, त्यांचा जन्म मुंबईचा आणि बीटेक मद्रास आयआयटीचं.

प्रोफेसरांना मेल कसा लिहायचा ह्यावर सगळ्यात जास्त चुका होतात. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हायली मोटिव्हेटेड" असा एकच मेल दीडशे जणांना. त्यांना रोज असे येतात. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी अकराच मेल पाठवले, प्रत्येकाचा एक पेपर पूर्ण वाचून. आणि मध्ये एक परिच्छेद फक्त रुळाचा होता: पप्पा काय करायचे, ५८ मेगापास्कल कसे आले, एवढ्याने रूळ का तुटू नये, उरलेला ताण धरला तर भेग पाच मिलिमीटरवर का येते, आणि माझं मॉडेल हाताच्या गणितापेक्षा कुठे वेगळं गेलं जे मला अजून उलगडलेलं नाही. अकरापैकी चार जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने तर फक्त लिहिलं होतं, "तुमची बाउंडरी कंडिशन तपासा." तपासली, चुकलेलीच होती, मी रुळाचं टोक मोकळं सोडलं होतं. दुरुस्त करून परत पाठवलं. तेच आता माझे गाईड आहेत.

प्रश्न कुठून आणायचा असं पोरं विचारतात. ह्या शहरात राहून? आपल्या डोक्यावरच्या स्लॅबचं प्लास्टर पडतं ते का पडतं? समुद्राच्या हवेतलं क्लोराईड काँक्रीटमधनं आत सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजाची जागा मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत होते, आतून काँक्रीट फाटतं. हे फेज फील्डने मांडता येतं आणि ह्यावर जगभर पेपर निघतायत. अटल सेतूवर भारतात पहिल्यांदा ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक (खालून पट्ट्या वेल्ड करून ताठ केलेला पुलाचा पोलादी पृष्ठभाग) वापरलाय, अशा डेकच्या वेल्डमध्ये फटीगच्या भेगा हा जगात सगळीकडे अभ्यासाचा विषय आहे. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ ला सकाळी रुळांवर कोसळला, मी त्या दिवशी गाडीतच अडकले होते आणि तेव्हापासून पुलावरनं जाताना खालच्या गर्डरचा गंज बघितल्याशिवाय मला राहवत नाही. ह्यातला कुठलाही एक तुकडा उचलला तरी बीईचा प्रोजेक्ट होतो, तरी दरवर्षी पोरं तेच कनेक्टिंग रॉडचं अ‍ॅनालिसिस विकत आणून सबमिट करतात, मनापासून सांगते, ते नका करू, एक वर्ष फुकट जातं आणि ते परत येत नाही.

पप्पा रिटायर झालेत. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना लॅपटॉपवर माझं सिम्युलेशन दाखवलं, वेल्डच्या कडेपासून भेग निघून रुळाच्या फूटमधनं, म्हणजे खालच्या रुंद पायामधनं, वर चढते ते. त्यांनी दोनदा बघितलं, मग बोट ठेवून म्हणाले, "इथून नाही निघत बहुतेक वेळा, ह्याच्या थोडं बाजूने निघते, जिथे वेल्डचा कॉलर संपतो तिथे." मी परत जाऊन बघितलं तर माझ्या मॉडेलमध्ये कॉलरचा (वेल्डभोवतीच्या उंचवट्याचा) तो कोपरा मी मेश सोपी व्हावी म्हणून गोल करून टाकला होता. आता तो आहे तसा घेतलाय, एलिमेंट तिप्पट झालेत, रन चार दिवस चालतो.

तर त्या मुलाला आणि बाकी ज्यांना हवंय त्यांना, शनिवारी दुपारी तीननंतर मी लॅबला असते. येताना लॅपटॉप नाही आणला तरी चालेल, वही आणा, आणि आपला प्रश्न एका ओळीत लिहून आणा.